थंड लोखंड

शारजात जून महिन्यात थंड लोखंड कुठं मिळतं, सांगा पाहू. गेटची कडी, बसचं हँडल, बाहेरचा कठडा, कशालाही हात लावा, तळव्याची भाकरी भाजून निघेल. थंड लोखंड मिळायचं ते फक्त आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या फ्रीजमध्ये. दह्याच्या डब्यांच्या वरच्या कप्प्यात, एका चहाच्या बशीत, वीतभर लांबीची जुनी गंजकी किल्ली ठेवलेली असायची. कुणाच्या तोंडून चुकून एक ठरावीक शब्द निघाला की पहिलीच्या बाई हातातलं काम टाकून उठायच्या, फ्रीज उघडायच्या, किल्लीला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "कॉल्ड एर्न!" म्हणजे थंड लोखंड. मग दार लावून, जिथं वाक्य सोडलं होतं तिथून पुढं बोलायला लागायच्या.

तो शब्द म्हणजे सशाचं इंग्रजी नाव. बाईंना स्मरून मी तो इथं लिहिणार नाही. मराठीत ससा म्हटलेलं चालतं, असा निर्वाळा त्यांनीच मला दिला होता. "तुमचा ससा आमच्या समुद्राला कळत नाही," म्हणाल्या.

बाई स्कॉटलंडच्या. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातल्या. त्या गावात होडीवर सशाचं नाव काढायचं नाही, डुकराचं काढायचं नाही. काढलं तर जाळं रिकामं येतं, नाहीतर होडीच रिकामी येते. चुकून जीभ घसरलीच तर ताबडतोब लोखंडाला हात लावायचा. किल्ली त्यांच्या वडिलांच्या जाळी ठेवायच्या खोपटाची. बाईंनी उभ्या आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता. त्या पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायच्या. पण रिवाज तो रिवाज.

मी त्याच शाळेचा ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. म्हणजे ऊन, डिझेल आणि पालकांचे फोन यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस. राहायला अजमानला, मूळचा दापोलीजवळचा. शाळेमागं बस उभ्या करायचं मोठं आवार आहे, त्याला आम्ही 'बे' म्हणतो. बाईंची आणि माझी ओळख झाली ती या बेमध्ये, आणि ती भांडणातून झाली.

पहिलीतलं एक पोरगं चुकीच्या बसमध्ये बसून थेट अजमानला पोचलं होतं. त्याला काही झालं नव्हतं. तिथल्या वॉचमननं दिलेली बिस्किटं खाऊन ते मजेत बसलं होतं. पण बाई माझ्यावर उखडल्या. "सहा वर्षांच्या पोराला आकडे दाखवता? एवढ्याशा पोराला आकडा लक्षात राहतो का? त्याला चित्र द्या!"

मी म्हटलं, "मग काढा तुम्हीच चित्रं."

मला वाटलं, विषय मिटला. पुढच्या आठवड्यात येऊन बघतो तर प्रत्येक बसच्या दाराशी हातानं रंगवलेला एकेक प्राणी आणि खाली नाव. कोल्ह्याखाली 'टॉड'. बेडकाखाली 'पडक'. काटेरी साळूच्या धाकट्या भावासारखा जो प्राणी त्यांच्याकडं असतो, त्याच्याखाली 'हर्चन'. घुबड म्हणजे 'हूलेट', सील म्हणजे 'सेल्की'. मी म्हटलं, बाई, स्पेलिंग सगळी चुकलीत की हो. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत कधी स्पेलिंग काढलं नाही.

तर ही त्यांच्या आजीच्या तोंडची नावं. शाळेत ही बोलली की छडी बसायची. शाळेत कोल्हा 'फॉक्स' असायचा आणि घरी टॉड. "दप्तर भिंतीला टांगलं की टॉड परत यायचा," असं त्या सांगायच्या.

तुम्ही बे पाहायला हवा होता. टॉडवर पेशावरचे खानसाहेब ड्रायव्हर. दाढीला मेंदी, आवाज पहाडी. शाळा सुटली की हात उंचावून, अरबीत चला चला करत गर्जायचे, "टॉड! यल्ला यल्ला, टॉडवाले बच्चे इधर!" पडकवर केरळचा कुट्टी. तो कायम उशिरा यायचा, म्हणून सगळ्या बेभर, "पडक किधर? पडक आया क्या?" असं चाललेलं असायचं. आणि सेल्कीवर मुलांना सांभाळणारी हमीदाबी. आमच्याच तालुक्यातली, हर्णैची, बाप होडीवाला. ती पोरांना दामटून बसवताना ओरडायची, "ओ सेल्की, डोका आत घे!" पोरांना वाटायचं, सेल्की हे आपलंच आडनाव आहे.

तक्रार आली नाही असं नाही. एक पालक, आपल्याच पुण्याकडचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून आले. म्हणाले, "आम्ही मुलाला शुद्ध इंग्लिशसाठी इथं घातलंय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "हे शुद्धच आहे. फक्त इंग्लिश नाही."

महिन्याभरात तेच गृहस्थ गेटवर टाचा उंचावून मला विचारत होते, "अहो, हर्चन आली का हो?"

बाईंची दुसरी सवय म्हणजे परतफेड मागायची. एक शब्द दिला की एक घ्यायचा. "तुमच्याकडं टॉडला काय म्हणतात?" मी म्हटलं, कोल्हा, आणि गावाकडं म्हातारे लोक भालू म्हणतात. "तुझ्या मुलीला भालू ठाऊक आहे?" माझी मुलगी अजमानच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. त्या दिवशी घरी जाऊन मी तिला भालू, साळू, भेकर आणि रात्री कौलांवरून धावणारा कांडेचोर, असे सगळे एका दमात सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आर यू मेकिंग धिस अप?" आता मात्र ती आईला चुकवून खाऊ घेताना सापडली की स्वतःच म्हणते, "आयॅम अ कांडेचोर." उच्चार भयंकर, पण प्राणी जिवंत आहे.

हे सगळं बाईंना एवढं का लागतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते पडक फारच उशिरा आली त्या दिवशी. पोरं सावलीत बसवली होती. मी नुसतं विचारलं, "बाई, गावी कोण असतं?"

"थोरला भाऊ," त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडं बघत सांगायला लागल्या.

तरुणपणी त्या गावच्याच शाळेत मास्तरीण झाल्या. भावाची मुलगी त्यांच्याच वर्गात. एक दिवस तळ्यावरून बेडूक घेऊन आली आणि म्हणाली, आत्या, पडक! बाई नव्या नव्या शिकून आलेल्या. सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाल्या, असं गावंढळ बोलायचं नाही, फ्रॉग म्हण. पोर हुशार. संध्याकाळी जेवताना बाप पडक म्हणाला तसं तिनं त्याला सुधारलं. बाबा, पडक नाही, फ्रॉग.

"मग?"

"त्यानं ताट सारलं. मला म्हणाला, आपल्या आईचा शब्द तू माझ्याच पोरीच्या तोंडून पुसलास." बाईंनी पदर असता तर डोळ्याला लावला असता. पदर नव्हता, म्हणून टोपी सारखी केली. "त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही रे. भांडला असता तर बरं. तो माझ्याशी इंग्लिश बोलायला लागला. थँक यू, हाउ आर यू, व्हेरी नाइस. इतकी वर्षं. सख्खा भाऊ. मला एकदाच त्याच्या तोंडून आमचं बोलणं ऐकायचंय. मग मी निवृत्त होते आणि जाते घरी. तोवर कुठल्या तोंडानं जाऊ?"

तेवढ्यात पडक आली. बाई उठून टाळ्या वाजवत पोरांच्या रांगा लावायला लागल्या. त्यांना असं मध्येच उठून जाणं फार छान जमायचं.

मी काही फार विचार करणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर बेचा व्हिडिओ घेतला. खानसाहेबांची गर्जना, हमीदाबीचं "सेल्की, डोका आत!", कुट्टीला पडलेल्या शिव्या, सगळं. बाईंनी तो भाचीला पाठवला. तीच ती बेडूकवाली भाची, आता दोन मुलांची आई. तिनं बापाला दाखवला. बापानं चष्मा लावून परत परत पाहिला आणि निकाल दिला की हे नाटक आहे, बहिणीनं पढवून घेतलंय. भाची कोळ्याचीच मुलगी. तिनं विमानाचं तिकीट काढलं आणि बापाच्या पुढ्यात ठेवलं, जाऊन बघा म्हणाली.

तर जानेवारीत तो आला. उंच, वाकलेला, हाताचे पंजे सुपाएवढे. शारजातल्या गुलाबी थंडीत आम्ही स्वेटर चढवतो आणि तो शर्टाच्या बाह्या दुमडून उभा. बाईंनी ओळख करून दिली. "हाउ डू यू डू," त्यानं माझा हात दाबला. बहिणीला म्हणाला, "अ व्हेरी नाइस स्कूल. थँक यू." बाई हसल्या, पण मला ते हसू बघवलं नाही.

बेत असा होता की शाळा सुटताना त्यानं बे बघायचा आणि मग बाईंबरोबर बसनं अजमानच्या समुद्रापर्यंत जायचं. शाळा सुटली. खानसाहेबांनी त्या दिवशी दाढीला नवी मेंदी लावली होती. "टॉड! यल्ला, टॉड!" टॉड भरला. हूलेट भरली. हर्चनवाली पोरं गोल गोल होऊन चढली, तो त्यांचा खेळ होता. म्हातारा कठड्याशी उभा राहून बघत होता. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

आणि आता ऐका. आमच्या प्रिन्सिपल मॅडम म्हणजे प्रेमळ बाई. पाहुण्याला सरप्राइज द्यायचं त्यांच्या मनात आलं. अजमानच्या रस्त्याला त्याच आठवड्यात नवी कोरी बस मिळाली होती. मॅडमनी गुपचूप मुलांचं मतदान घेतलं, शारजातल्याच रोल्ला भागातल्या पेंटरला बोलावलं आणि बस झाकून ठेवली. मतदानात लहान मुलं कुठला प्राणी निवडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बस वळण घेऊन आली. पूर्ण बाजूभर पांढराशुभ्र ससा, हातात गाजर, आणि खाली ढोपराएवढ्या अक्षरांत ते नाव. उरलेल्या सगळ्या पोरांनी ते एका सुरात, बेंबीच्या देठापासून वाचलं. शाळेत वाचन चांगलं शिकवतात, त्याचा मला एरवी अभिमान आहे.

म्हाताऱ्याचा पंजा कठड्यावर आपटला. "कॉल्ड एर्न!" त्याच क्षणी शेजारून बाईंचाही हात कठड्यावर आला, "कॉल्ड एर्न!" दोघंही एकदम. जानेवारी होता म्हणून बरं, कठडा खरंच थंड होता. क्षणभर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मला वाटलं, जमलं. पण म्हाताऱ्याची नजर परत त्या सशाकडं गेली. समुद्राच्या कडेनं जाणारी गाडी आणि त्यावर हे! बहीण सगळं विसरली, याचा त्याला पुरावाच मिळाला. त्यानं हात काढून घेतला. "व्हेरी नाइस," तो म्हणाला. "थँक यू. आय विल वॉक होम."

बाई पांढऱ्या पडल्या. प्रिन्सिपल मॅडम टाळ्या वाजवत होत्या, त्यांना काय ठाऊक! आणि मी, इतक्या बसचा सुपरवायझर, नुसता उभा.

"काय झाला हो भाऊ?" हमीदाबी मला कोपरानं ढोसत म्हणाली. सेल्की सोडून आता ही नवी बस तिच्याकडं आली होती. "म्हातारा लोखंड पकडून कशाला उभा होता?"

मी दोन वाक्यांत सांगितलं.

"अगो बाय, येवढाच?" ती म्हणाली. "आमचे अब्बा होडीवर लांबड्याचा नाव घेतला तर होडी परत फिरवायचे." लांबडं म्हणजे साप. आमच्याकडं रात्री तर त्याचं नाव जमिनीवरही काढत नाहीत. "तुम्ही सरा बाजूला."

तिनं अंगावरची मोठी ओढणी काढली, बसच्या खिडकीत दोन टोकं अडकवली आणि ती अक्षरांवर सोडली. ससा राहिला, नाव गेलं. मग पोरांकडं वळून, ओठांवर बोट ठेवून, दबक्या आवाजात म्हणाली, "सुनो सब. इसका नाम नहीं लेने का. दर्या सुनता है. इसको बोलने का, लंबे कानवाला. समझा?"

पोरांचे डोळे एवढे मोठे झाले. जो शब्द बोलायचा नाही अशा शब्दापेक्षा चांगलं खेळणं पोरांना दुसरं नाही. सगळी एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागली, लंबे कानवाला, लंबे कानवाला.

म्हातारा थबकला होता. त्यानं बहिणीला नाही, मला विचारलं, ही बाई काय म्हणाली? मी सांगितलं. तो हमीदाबीपुढं जाऊन उभा राहिला आणि इंग्रजीत विचारलं, तुझा बाप कुठल्या समुद्रात जायचा?

हमीदाबीला इंग्रजी येतं तेवढं पुरलं. तिनं हात लांब केला. "सेम पानी, साब. अदर साइड."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला आणि गदगदून हसला. सशाच्या पोटावर पंजा थोपटत म्हणाला, "फावर-फिटर!" बाईंनी हळूच सांगितलं, होडीवर त्याला तसं म्हणतात, चार पायांचा. आणि म्हातारा बसमध्ये चढला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. मी मागच्या सीटवर, कारण मला राहवेना.

पण बसमध्ये परत तेच. तो खिडकीतून बघत होता. "नाइस बिल्डिंग्ज." बाई मान हलवत होत्या. अजमान आलं. एका वळणावर बस थांबली, एक चिमुरडी उतरली, खाली आई उभी. तेवढ्यात कुट्टीची बस भोंगा वाजवत बाजूनं गेली.

"ओ लुक," आई म्हणाली, "द फ्रॉग बस."

पोरीनं आईचा हात सोडला. कमरेवर हात ठेवले. अगदी बाई वर्गात ठेवतात तसे. "नो, मम्मा. नॉट फ्रॉग. पडक."

"बट इट्स अ फ्रॉग, बेटा."

"मम्मा," पोरगी दमलेल्या मास्तरणीसारखी म्हणाली, "पडक."

बस सुटली. म्हातारा वळून मागच्या काचेतून त्या पोरीकडं बघत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग तो बहिणीकडं वळला आणि बोलायला लागला. काय बोलला ते मला विचारू नका, मला एक शब्द कळला नाही. ते इंग्रजी नव्हतं. घोगरं, खडबडीत, लांबच्या लांब काहीतरी होतं, आणि ते थांबतच नव्हतं. बाई मध्ये मध्ये तसंच काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या, नाक पुसत होत्या. समुद्र आला तरी दोघं खाली उतरेनात. हमीदाबी माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्या डोळ्यात काय गेला?" मी म्हटलं, एसी फार आहे.

त्याच उन्हाळ्यात बाई घरी गेल्या. निरोपाला खानसाहेबांनी खजूर आणले आणि भाषण केलं, ते सगळं पुश्तूत होतं. बाईंनी प्रत्येक बसच्या दाराला हात लावून निरोप घेतला. किल्ली न्यायला विसरल्या असं वाटून मी धावत गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे इथंच. तिकडं थंड लोखंडाला काय तोटा!"

आता पालकांच्या मोबाइलवर ॲप आलंय. त्यात बसचे आकडेच दिसतात. बेमध्ये आकडा कुणी बोलत नाही. अजमानच्या बसवरचं नाव रोल्लाच्या पेंटरनं खरवडून काढलं, ससा तसाच आहे. बाई कधी कधी फोटो पाठवतात. भावाबरोबर त्या आता होडीवर जातात, खेकड्यांचे पिंजरे उचलायला, या वयात. भाची लिहिते की म्हातारा पिंजरा ओढताना "यल्ला यल्ला" म्हणतो.

परवाचीच गोष्ट. जून, बाहेर आग. शाळेत नवीन आलेल्या एका मुलानं बसवरचा ससा पाहिला आणि आनंदानं त्याचं नाव ठणाणा ओरडला. नवीन पोर, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हमीदाबीनं माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, बाई आत्ता होडीवर असतील तर?"

ती निघाली. तिच्यामागं कुट्टी. खानसाहेब नमाजाला निघाले होते, तेही वळले. एरवी स्टाफरूममध्ये ड्रायव्हर येत नाहीत. त्या दिवशी फ्रीजसमोर रांग लागली आणि चहा पिणाऱ्या नव्या टीचर बाजूला होऊन बघत राहिल्या. किल्ली बशीतून निघाली आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. प्रत्येकानं ती घट्ट धरली, पुटपुटला, "कॉल्ड एर्न", आणि पुढं दिली.

मी रांगेत शेवटी होतो. माझ्यापर्यंत आली तेव्हा किल्ली चांगली गरम झाली होती. मी तरीही म्हणायचं ते म्हटलं, ती बशीत ठेवली आणि फ्रीजचं दार लावलं.